आत थांबायचंय का, हे कुणीतरी विचारायला हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मागे एका मुलीचं पत्र आलं होतं. आईचं हृदय थांबलं तेव्हा ती आईच्या उशाशीच होती. डॉक्टर-सिस्टर धावत आले, कुणीतरी तिला दंडाला धरून बाहेर नेलं, दार लोटलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि "आम्ही खूप प्रयत्न केले" एवढं सांगून गेले. उपचारांबद्दल तिची तक्रार नव्हती. तिचा प्रश्न एकच होता, मला बाहेर का काढलं?

माझी नोकरीची सगळी वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला गेली. आधी कॅज्युअल्टीत, मग आयसीयूत. आता परिचर्येच्या विद्यार्थ्यांना शिकवते. तिला कुणी उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, कृपया काटछाट न करता छापावं अशी विनंती.

आधी सरळ उत्तर. तिला बाहेर काढावं असा विचार त्या क्षणी कुणीही केलेला नसतो. हृदय थांबलेल्या रुग्णासाठी जी धावपळ सुरू होते तिला आम्ही कोड म्हणतो. कोड सुरू झाला की नातेवाईक बाहेर, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. पडदा ओढायचा, पाठीखाली फळी सरकवायची, एकीने क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, ओढत आणायची, एकाने छाती दाबायला घ्यायची, एकाने डोक्याशी उभं राहून श्वास द्यायची ॲम्बू बॅग धरायची, आणि दाराजवळ जो असेल त्याने "तुम्ही जरा बाहेर थांबा" म्हणायचं. हे शेवटचं वाक्य मला कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही. वरच्या सिस्टर म्हणायच्या म्हणून आम्ही म्हणायला लागलो, आमचं ऐकून पुढच्या मुली म्हणायला लागल्या. अमेरिकेत २००३ साली अतिदक्षता आणि आपत्कालीन विभागांतल्या परिचारिकांचं एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या प्रयत्नांच्या वेळी नातेवाइकांच्या उपस्थितीबद्दल लेखी नियम आपल्या विभागात आहे असं सांगणाऱ्या त्यात फक्त ५ टक्के निघाल्या. बाकी सगळीकडे त्या पाळीला कोण आहे, त्याचा स्वभाव कसा आहे, यावर एखाद्या मुलीने आईजवळ राहायचं की नाही ते ठरत होतं.

कारण विचारलं तर मात्र कारणं लगेच पुढे येतात. ते रडतील, ओरडतील, अंगावर पडतील. त्यांना बघवणार नाही, आयुष्यभर मनात राहील. उद्या कोर्टात जातील. जागा नाही. २००० साली छातीरोग आणि अतिदक्षता उपचारांतल्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे जमलेल्या डॉक्टर-नर्सना हा प्रश्न विचारला, तर प्रौढ रुग्णाच्या सीपीआरच्या वेळी घरच्यांनी आत असण्याला ७८ टक्के लोकांचा विरोध होता. रुग्ण लहान मूल असेल तर विरोध ८५ टक्के. हा दुसरा आकडा मला फार बोचतो. आपलं मूल त्या पलंगावर असताना आईला भिंतीपलीकडे बसवायचं, आणि ते तिच्याच भल्याचं आहे असं म्हणायचं!

"बघवणार नाही" या कारणाबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण ते सगळ्यांत मायेने दिलं जातं. एक तरुण मला अजून आठवतो. वडील घरातच कोसळले होते. फोनवरून मिळालेल्या सूचना ऐकत त्यानेच छाती दाबायला घेतली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकट्याने दाबत राहिला. दाबताना बरगडी मोडते, ती त्याच्या तळहाताखाली मोडली होती. हाफहाफ करत, शर्ट घामाने चिंब, तो स्ट्रेचरबरोबर कॅज्युअल्टीत शिरला, आणि दारातच त्याला सांगण्यात आलं की तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला बघवणार नाही. ज्याने हे सगळं एकट्याने केलं होतं, त्याला! तो काही बोलला नाही. बाकावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. आपण नीट दाबलं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आत असता तर आमचे हातही तसेच वरखाली होताना त्याला दिसले असते.

कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून छाती दाबण्याची ही पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी थांबलेलं हृदय चालू करायचं तर छाती उघडून हृदय हातात धरावं लागे. बाहेरून दाबूनही रक्त फिरतं हे त्यांनी दाखवलं, आणि ते कुणालाही, कुठेही, नुसत्या दोन हातांनी करता येईल असं म्हटलं. त्याच भरवशावर आज आम्ही सामान्य माणसांना शिकवतो की मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा, दमलात तर दुसऱ्याला द्या पण थांबू नका. घरच्यांनी न घाबरता हात लावावा म्हणून जीव तोडून सांगणारे आम्हीच. मग तेच घरचे रुग्णालयाच्या दारात येताच एकदम इतके नाजूक कसे होतात?

शिवाय बाहेर बसलेल्या माणसाला काहीच दिसत नसलं तरी मन स्वस्थ बसत नाही. दाराखालून पावलं दिसतात. कुणीतरी पळत बाहेर येतं, काहीतरी घेऊन पळत आत जातं. शॉक देण्याआधी "सगळे बाजूला व्हा" हा आवाज भिंतीतून ऐकू येतो. बाकीचं तो कल्पनेने भरून काढतो, आणि ही कल्पना बहुतेकांच्या बाबतीत टीव्हीवरून आलेली असते. टीव्हीवर चार वेळा छाती दाबली की माणूस डोळे उघडतो. १९९६ साली काही डॉक्टरांनी अमेरिकी मालिकांतले सीपीआरचे प्रसंग मोजले होते, त्यात तब्बल ७५ टक्के रुग्ण वाचलेले दाखवले होते. प्रत्यक्षात रुग्णालयात, सगळी यंत्रं हाताशी असताना हृदय थांबलं, तरी जिवंत घरी जाणारा माणूस चारपाचांत एखादा. हे माहीत नसलेल्या माणसाला बंद दारामागून "प्रयत्न केले" असं सांगितलं तर त्याने त्यातून काय समजायचं? प्रयत्न म्हणजे काय केलं, किती वेळ, कुणी, त्याला काही कळत नाही. मग संशय येतो. उशिरा आले असतील, मन लावून केलं नसेल. माझ्या पाहण्यात सगळ्यांत कडू भांडणं झाली ती बाहेर बसवलेल्यांशी झाली.

ही वहिवाट पहिल्यांदा मोडली ती दोन कुटुंबांच्या आग्रहामुळे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन शहरात फूट हॉस्पिटल नावाचं रुग्णालय होतं. १९८२ सालची गोष्ट. एका रुग्णाबरोबर ॲम्ब्युलन्समधून आलेला नातेवाईक त्याच्याजवळून हलेना. दुसऱ्या प्रसंगात गोळी लागलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीने नवऱ्याजवळ जाऊ द्या म्हणून विनवण्या केल्या. त्यांना आत घेतलं. त्यानंतर त्या रुग्णालयाने एक साधी गोष्ट केली, जी मला फार मोठी वाटते. ज्यांचं माणूस तिथे नुकतंच गेलं होतं अशा १८ जणांना त्यांनी विचारलं की तुम्हाला आत असावंसं वाटलं असतं का? १३ जण हो म्हणाले. तेव्हापासून तिथे विचारायला सुरुवात झाली. नऊ वर्षांनी तिथल्या परिचारिकांनी आपला अनुभव लिहून काढला, तेव्हा नातेवाइकांमुळे कामात खोळंबा झाल्याचा एकही प्रसंग त्यांच्यापाशी नव्हता.

मनावर काय परिणाम होतो हे नीट तपासलं ते फ्रान्समध्ये. तिथे डॉक्टर-नर्सचं पथक ॲम्ब्युलन्समधून घरी जातं, त्यामुळे सीपीआर बहुधा घरातच होतो. अशी १५ पथकं आणि ५७० नातेवाईक या अभ्यासात होते, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही पथकांनी नातेवाइकांना ठरवून विचारलं की तुम्हाला इथे थांबायचं आहे का. बाकीच्यांनी नेहमीसारखं काम केलं. जिथे विचारलं तिथे ७९ टक्के लोक थांबले, जिथे विचारलं नाही तिथे ४३ टक्के. तीन महिन्यांनी सगळ्यांशी बोलले, तेव्हा न विचारलेल्या गटात आघातानंतरच्या मानसिक तणावाची लक्षणं जास्त आढळली. रुग्ण वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं. पथकावरचा ताणही वाढला नव्हता आणि कुणी कोर्टातही गेलं नव्हतं. कोर्टाच्या भीतीवर मी एवढंच लिहिते, त्याहून जास्त तिची योग्यता नाही.

सगळे अभ्यास असंच सांगतात असं मी म्हणणार नाही. रुग्णालयाबाहेर कोसळलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवर अमेरिकेत झालेल्या एका लहान अभ्यासात सीपीआर पाहिलेल्यांमध्ये तणावाची लक्षणं जास्त निघाली होती. मला ते खोटं वाटत नाही. डोळ्यांसमोर अचानक घडलेलं बघावं लागणं वेगळं, आणि कुणीतरी जवळ येऊन, आत काय चाललंय ते सांगून, "यायचंय का?" विचारल्यावर आपल्या पायांनी आत जाणं वेगळं. म्हणूनच मी सरसकट सगळ्यांना आत घ्या असं म्हणत नाही. विचारा, असं म्हणते. "नाही, मला नाही जमणार" म्हणणारेही असतात. त्यांनाही विचारलं गेलेलं असणं गरजेचं आहे, म्हणजे बाहेर बसायचं हा निर्णय त्यांचा राहतो.

आता जे आम्ही सहसा बोलत नाही त्याकडे येते.

नातेवाइकांच्या काळजीची कारणं आम्ही पुढे करतो, पण त्यांच्यामागे आमची स्वतःची भीती असते. अमेरिकेत डॅलसच्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांना आत घेण्याचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २००० साली आला. कर्मचाऱ्यांना विचारलं तेव्हा परिचारिकांपैकी ९६ टक्के आणि वरिष्ठ डॉक्टरांपैकी ७९ टक्के बाजूने होते. रेसिडेंट, म्हणजे अजून शिकत असलेल्या डॉक्टरांपैकी किती? १९ टक्के. हा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवते आणि कारण विचारते. ते गप्प होतात, कारण कारण त्यांना ठाऊक असतं.

कोड चालवतो तो बहुतेक वेळा रेसिडेंट. वय पंचविशी-तिशीतलं. डोळ्यांसमोर मॉनिटर, मनात औषधांचा क्रम, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रिनॅलिन, दोन मिनिटांनी छाती दाबणारा बदलायचा, ताल तपासायचा, शॉक द्यायचा की नाही ते ठरवायचं. श्वासनलिकेत घालायची ट्यूब पहिल्या प्रयत्नात जाईलच असं नाही. शीर सापडेलच असं नाही. तो अजून शिकतो आहे, आणि शिकताना हात चुकतात. अशा वेळी पलंगाच्या पायथ्याशी रुग्णाची बायको उभी असेल तर त्याला वाटतं, ही माझी परीक्षा घेते आहे. अशा मुलांना मी कधीच वाईट म्हणणार नाही. मी त्यांचे हात थरथरताना पाहिले आहेत, आणि त्याच हातांनी माणसं परत आणतानाही पाहिलं आहे. पण बायको परीक्षा घ्यायला आलेली नसते हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ट्यूब कितव्या प्रयत्नात गेली हे तिला कळतही नाही. तिला दिसतं की सहा-सात माणसं तिच्या माणसासाठी घामाघूम झाली आहेत.

दुसरी भीती याहून खोल आहे. पलंगावरचा देह आमच्यासाठी त्या वेळी "बेड नंबर चार" असतो, आणि काम होण्यासाठी ते बरंही असतं. घरचं माणूस आत आलं की बेड नंबर चारचे एकदम कुणाचे तरी बाबा होतात. एकदा एका मुलाच्या आईला आम्ही आत घेतलं. ती काही ओरडली नाही. पोराचा तळपाय दोन्ही हातांत धरून त्याला लाडाच्या नावाने हाक मारत राहिली. छाती दाबणाऱ्या आमच्या ब्रदरच्या, म्हणजे पुरुष परिचारकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो थांबला नाही, मोजणी चुकली नाही, पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. हे कर्मचाऱ्यांवरचं ओझं खरं आहे. घरच्यांना आत घ्या असं सांगणाऱ्यांनी ते नाकारू नये. कोड संपल्यावर त्या ब्रदरशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे, त्याची पुढची कामं तासभर दुसऱ्याने उचलली पाहिजेत. आमच्याकडे कोड संपला की पुढच्या मिनिटाला शेजारच्या पलंगाचं सलाईन बघायचं असतं. दार बंद ठेवण्याची सवय काही अंशी या धावपळीतून आली आहे, असं मला वाटतं. रडायला वेळच नसेल तर रडू येईल असं काही आत न घेतलेलं बरं.

आणि एक भीती अशी की नातेवाईक समोर असले तर थांबवायचं कसं? प्रयत्नांचा उपयोग नाही हे आम्हाला मॉनिटर बघून कळलेलं असतं. घरच्यांसमोर "थांबूया" म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून उगाच लांबवलं जातं. असं होतं, मी पाहिलं आहे. पण उलटही पाहिलं आहे. वृद्ध नवऱ्याजवळ उभ्या असलेल्या एका आजींनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, पुरे आता. त्यांना दुखतंय." आजींना दाराबाहेर बसवलं असतं तर अजून पंधरा मिनिटं चाललं असतं. आजींनी मग त्यांचे केस सारखे केले, चादर ओढली. डॉक्टरांना बाहेर जाऊन काही सांगावं लागलं नाही.

तर करायचं काय? माझं म्हणणं असं आहे की कर्मचाऱ्यांची मतं बदलायची वाट बघत बसू नये. मतं आधी बदलत नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ३७५ परिचारिकांना विचारलं होतं. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जणींनी कधीच कुणाला आत बोलावलं नव्हतं. ज्यांनी बोलावलं होतं त्यांना त्याचा उपयोग जास्त वाटत होता आणि स्वतःवर भरवसाही जास्त होता. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये तर याहून बोलका प्रकार झाला. तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून काही नातेवाइकांना आत येण्याविषयी विचारायचं आणि काहींना नाही, असा अभ्यास सुरू केला होता. २५ रुग्णांपर्यंत आल्यावर तो मध्येच थांबवला, कारण काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सनाच इतकं पटलं की नातेवाइकांना न विचारणं त्यांना योग्य वाटेना. तो १९९८ साली छापून आला. भाषणं ऐकून ही माणसं बदलली नव्हती, काम करता करता बदलली.

म्हणून आधी माणूस नेमा. प्रत्येक पाळीच्या ड्यूटी लिस्टमध्ये जसं छाती कोण दाबणार, औषधं कोण भरणार, वेळ कोण लिहिणार हे ठरलेलं असतं, तसं नातेवाइकाजवळ कोण राहणार हेही नाव घालून ठरवा. त्या माणसाने रुग्णाला हात लावायचा नाही, क्रॅश कार्टकडे बघायचं नाही. त्याचं काम एवढंच की बाहेर जायचं, खाली वाकून किंवा शेजारी बसून, नजरेला नजर देऊन सांगायचं: "त्यांचं हृदय थांबलं आहे. आम्ही छाती दाबतो आहोत. तोंडात नळी आहे, शॉक दिला तर शरीर हलेल, रक्त दिसेल. तुम्हाला आत येऊन जवळ उभं राहायचं आहे का? केव्हाही बाहेर येता येईल. नाही आलात तरी चालेल, मी इथे येऊन सांगत राहीन." आत नेल्यावर पलंगाच्या पायाशी किंवा ज्या हाताला सलाईन नाही त्या बाजूला उभं करायचं, हात धरू द्यायचा, शॉकच्या वेळी मागे घ्यायचं, पडायला आलं तर खुर्ची. काय चाललंय ते हळू आवाजात सांगत राहायचं. आणि शेवट झाल्यावर लगेच निघून जायचं नाही.

हे काम ज्याला जमतं तो माणूस वयाने किंवा हुद्द्याने मोठाच असतो असं नाही. मी ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त विसंबले त्या आमच्या विभागातल्या एक मावशी होत्या. औषधाचं एक नाव त्यांना माहीत नव्हतं, पण कुणाजवळ बसायचं आणि कधी गप्प राहायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. त्यांना रीतसर शिकवून हे काम सोपवलं असतं तर डॉक्टरांचा अर्धा विरोध तिथेच संपला असता.

कारण विरोधातला खरा भाग या माणसामुळेच सुटतो. २००९ साली रेसिडेंट डॉक्टरांवर एक प्रयोग झाला होता. पुतळ्यावर सीपीआर, आणि शेजारी नातेवाइकाचं काम करणारा नट. तो शांत उभा राहिला तेव्हा विशेष फरक पडला नाही. तो मोठमोठ्याने आक्रोश करायला लागला तेव्हा पहिला शॉक द्यायला उशीर झाला आणि एकूण शॉकही कमी दिले गेले. हा निष्कर्ष मी दडवणार नाही, उलट तोच पुढे करते. आक्रोश करणाऱ्या माणसाजवळ कुणी नसेल तर रुग्णाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून जवळ माणूस हवाच, आणि गरज पडली तर प्रेमाने बाहेर नेण्याचा अधिकार त्याला हवा. नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणी रुग्णाचं नुकसान होत नाही, हेही तपासून झालेलं आहे. अमेरिकेतल्या २५२ रुग्णालयांतल्या ४१ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात नातेवाइकांना परवानगी देणारं धोरण असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत वाचणाऱ्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

प्रत्येक वेळी आत घेता येईल असंही नाही. दारू पिऊन आलेला, हात उगारणारा, मारहाणीचा संशय ज्याच्यावर आहे तो, यांना आत घेऊ नये. सामायिक वॉर्डात पडद्यापलीकडे दुसरे रुग्ण असतात, त्यांचाही विचार हवा. रुग्णाने स्वतः आधी "माझ्या घरच्यांना हे दाखवू नका" असं सांगितलं असेल तर त्याचा शब्द मोठा. आणि रात्रपाळीला कधी कधी इतके कमी हात असतात की छाती दाबायलाच दुसरा माणूस मिळत नाही. अशा रात्री नाही जमणार. पण जमणार नाही हे त्या रात्रीचं कारण असावं, कायमचा रिवाज नव्हे.

विद्यार्थ्यांबरोबर मी एक करून पाहते. मॉक कोडच्या, म्हणजे पुतळ्यावरच्या सरावाच्या वेळी एका मुलीला नातेवाईक करून आत उभी करते आणि एकाला फक्त तिच्यासाठी नेमते. सुरुवातीला सगळं विस्कटतं. मोजणी चुकते, कुणीतरी तिच्यावर खेकसतं. सरावाने ते सुटतं. पण खरा बदल होतो तो नातेवाईक झालेल्या मुलीत. सराव संपल्यावर ती सांगते की मला औषधं, यंत्रं काही कळलं नाही, मला फक्त तुम्ही माझ्याशी कसं बोललात ते आठवतंय. पुढच्या वेळी छाती दाबायला तीच उभी राहते, तेव्हा नातेवाइकाकडे बघून मान हलवते. एवढंसं मान हलवणं मी वर्गात कितीही सांगितलं असतं तरी झालं नसतं.

अमेरिकेतल्या आपत्कालीन परिचारिकांच्या संघटनेने १९९३ साली नातेवाइकांच्या बाजूने ठराव केला, २००० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही ते आलं. म्हणजे कागदावर हा प्रश्न सुटून बरीच वर्षं झाली.

ज्या मुलीच्या पत्रावरून हे लिहायला बसले तिला एक सांगायचं आहे. कोडची नोंद ठेवायची असते. हृदय किती वाजता थांबलं, दाबायला कधी घेतलं, कुठलं औषध किती वाजता दिलं, शॉक किती, थांबवलं कधी, सगळं लिहिलेलं असतं. त्या वेळी आत असलेल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना भेटून ती नोंद आपल्याला समजावून सांगा अशी विनंती तू कर. उशीर झाला असं समजू नकोस. नोंद समोर ठेवून मी काही घरच्यांशी अशी बसले आहे, आणि मिनिटामिनिटाचं ऐकून घेताना त्यांचे खांदे हळूहळू सैल पडताना पाहिले आहेत.

रुग्णालयं चालवणाऱ्यांना माझी मागणी लहान आहे. गंभीर रुग्णाला दाखल करताना आपण ॲलर्जी विचारतो, रक्तगट विचारतो, फोन नंबर दोन घेतो. त्याच कागदावर आणखी दोन ओळी वाढवा. हृदय थांबल्यास जवळचं कुणी आत असावं अशी रुग्णाची इच्छा आहे का, आणि असल्यास कोण. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा. आणि वाचकांना विनंती, आपलं माणूस आयसीयूत असेल आणि हे कुणी विचारलं नाही, तर आपणहून सिस्टरांना सांगा, फाइलवर लिहून घ्यायला लावा, पाळी बदलली की पुन्हा आठवण करा.

आपली,
परिचर्या शिकवणारी एक सिस्टर